भिंत हिरव्यातच होती

आणि वर मलाच विचारतात, "आरशात बघायला काय झालं होतं?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं सात महिने अभ्यास करून ट्रेलरच्या पाठीमागे बिनतारी कॅमेरा बसवलाय, त्यानं आरशात कशाला बघायचं? उद्या म्हणाल, घड्याळ घेतलंस तरी सावली मोजत बस. कॅमेऱ्याची चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यानं जे दाखवायचं ते स्वच्छ दाखवलं. दगा दिला तो माणसांनी. आणि माणसं कोण, तर घरचीच. हे मी रागाच्या भरात बोलत नाही. वहीत आहे. तारखेनिशी.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमचा ट्रेलर म्हणजे सामान वाहायचा नव्हे हं, राहायचा. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. दोन पलंग, एक शेगडी, एक बेसिन आणि एक कपाट, जे प्रत्येक वळणावर आपणहून उघडतं. सुट्टी लागली की आम्ही नवरा-बायको तो घेऊन निघतो. पुढे जायला फारशी अक्कल लागत नाही. खरी परीक्षा मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, उजवीकडे फिरवलं की डावीकडे जातो, आणि सरळ धरलं की त्याच्या मनाला येईल तिकडे जातो.

यावर आमची अकरा वर्षांची पद्धत ठरलेली. मी गाडीत, ही मागे उभी. मागून आवाज यायचा, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." आणि मग "बास". आता तुम्हाला सांगतो, हिचा बास आणि ट्रेलरचा धक्का हे दोन्ही अगदी एकाच वेळी. तिचं म्हणणं, मी वेळेवर सांगते, तुम्ही उशिरा ऐकता. माझं म्हणणं, बास हा शब्द धडकण्याआधी म्हणायचा असतो, नंतर म्हटला तर त्याला बातमी म्हणतात. हे वाक्य मी गेल्या वर्षी एका दिव्याच्या खांबाला ट्रेलर टेकवल्यावर चार लोकांसमोर बोललो. बोलायला नको होतं. पण बोललो.

ही शांतपणे म्हणाली, "आजपासून मी मागे उभी राहणार नाही. आणि आणखी एक पोचा पडला, तर ट्रेलर विकायचा."

विकायचा! अहो, आम्हाला मूलबाळ नाही, बागबगीचा नाही, वर्षातले हे चार आठवडे सोडले तर आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते दूध आलं का आणि कडी लावली का एवढंच. ट्रेलरमध्ये गेलो की ही गाणं म्हणते. घरी कधी म्हणत नाही. तो विकायचा म्हणजे काय? पण मी वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली. वहीत आहे. तारखेनिशी. आणि दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्याचा शोध सुरू केला.

आता कॅमेरा घ्यायचा म्हणजे दुकानात गेलो, बोट दाखवलं, आणला, असं करणारे लोक असतात. माझे साडू त्यातले. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचाही ट्रेलर आहे. आमच्यानंतर एका वर्षानं घेतला आणि आमच्यापेक्षा एक हात लांब घेतला, यात सगळं आलं. लाकडाच्या वखारीमागे एक मोकळं आवार आहे, तिथे आम्ही दोघं आपापले ट्रेलर ठेवतो, शेजारी शेजारी, एकाच भिंतीकडे पाठ करून. तर या साडूंना मी विश्वासानं सांगितलं की कॅमेरा घेतोय. ते इतके हसले, इतके हसले, की त्यांना माझाच खांदा धरावा लागला. "अहो साडू, कॅमेरा? देवानं मान कशाला दिलीय? वळवायची ना! आम्ही बघा, मान वळवली की ट्रेलर आत. उद्या जेवतानाही तोंडासमोर कॅमेरा लावाल!"

मी वही उघडली.

काय काय बघावं लागतं, सांगू? पहिलं म्हणजे पल्ला. दुकानदार म्हणतो, "काका, शंभर मीटर." कुठे शंभर मीटर? मोकळ्या मैदानात. मध्ये ट्रेलरचा पत्रा आला की शंभराचे तीस होतात, हे तो सांगत नाही, ते आपण काढायचं. दुसरं, स्क्रीन उन्हात दिसते का. मी त्याच्याकडच्या तिन्ही स्क्रीन दुकानाबाहेर रस्त्यावर धरून बघितल्या, मागोमाग दुकानदार धावत आला, त्याला वाटलं निघालो घेऊन. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उशीर. मागे जे घडतं ते पुढे किती वेळानं दिसतं? हे कागदावर कळत नाही. त्यासाठी हिला दुकानात न्यायचं, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून रुमाल हलवणार, मी स्क्रीनकडे बघत मोजणार. नऊ वेळा नेलं. तिसऱ्या वेळेपासून दुकानदार दारातच विचारायचा, "काकूंचा रुमाल आणलाय ना?" ही रुमाल काढून हलवायची. मला वाटलं, हिला पटतंय. माणूस किती भोळा असतो!

सात महिन्यांनी एक कॅमेरा ठरला. अठ्ठेचाळीस पानं झाली होती. शेवटच्या पानावर मी निकाल लिहिला, कॅमेरा आणला, रविवारी आवारात जाऊन शिडी लावली आणि स्वतःच्या हातानं बसवला. माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. असलं पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आज बघून घ्या.

आता इथे नीट ऐका, इथेच माझा घात झाला. कॅमेऱ्याची आणि स्क्रीनची जोडणी करावी लागते. स्क्रीनचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की ती हवेत शोधायला लागते, आणि आपल्या जातीचा जो पहिला कॅमेरा सापडेल त्याच्याशी गाठ बांधून मोकळी होते. पुढचं-मागचं काही बघत नाही. म्हणून पुस्तकात सूचना आहे, सूचना क्रमांक नऊ: जोडणी करताना जवळपास याच जातीचा दुसरा कॅमेरा चालू नसावा. मी ती वाचली. वाचली एवढंच नाही, वहीत उतरवली आणि पुढे लिहिलं, "लागू नाही. या जातीचा कॅमेरा आपल्या ओळखीत कोणाकडेही नाही." खाली दोन रेघा मारल्या. वहीत आहे. तारखेनिशी.

बटण दाबलं. चित्र आलं. काय चित्र! भिंत, भिंतीवरचा पाइप, पाइपाखाली निळी बादली, बादलीची कडी सुद्धा दिसते. स्क्रीनवर तीन रेघा असतात, लांब हिरवी, मग पिवळी, मग तांबडी. भिंत अगदी हिरव्यात.

मी हिला बोलावलं. हिनं बघितलं आणि म्हणाली, "आपल्या मागे बादली नाहीये."

मी म्हटलं, "अगं, रुंद भिंग आहे. एकशे वीस अंश. शेजारची बादलीही दिसणारच."

"आणि पाइप?"

"पाइपही शेजारचाच."

"मग आपलं काय दिसतंय?"

मी लिहिलं, "चित्र उत्तम. हिला शंका घ्यायची सवय."

मग चाचणी. चाचणी म्हणजे चाचणी असते, तिथे भेसळ चालत नाही. म्हणून मी दोन्ही बाजूंचे आरसे मिटवून घेतले. आणि हिला बाजूला उभं करून स्पष्ट सांगितलं, "काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. आज मला फक्त कॅमेऱ्यावर यायचंय." हेही लिहून ठेवलं. ट्रेलर वीस पावलं पुढे नेला. पुढे नेताना स्क्रीनकडे बघितलं नाही, कारण माझा नियम क्रमांक चार, पुढे जाताना पुढे बघायचं. थांबलो. रिव्हर्स टाकला. स्क्रीनकडे बघितलं. भिंत, पाइप, बादली. हिरव्यात.

मागे यायला लागलो. चित्र जराही हलेना. आता दुसरा एखादा घाबरला असता. मी खूष झालो, कारण खोक्यावरच लिहिलं होतं, चित्र स्थिर राहतं, धक्के जाणवत नाहीत. म्हटलं, वा, याला म्हणतात स्थिर! दहा पावलं मागे आलो, भिंत हिरव्यात. पंधरा पावलं आलो, भिंत हिरव्यात. मनात एकदा आलं, भिंत जवळ का येत नाही? पण लगेच दुसरं मन म्हणालं, अरे, सात महिने अभ्यास तू केलास की भिंतीनं? वीस... एकवीस... बावीस... हिरव्यात...

धाड.

आतलं कपाट उघडलं. ताटल्या पडल्या. एकेक करून पडल्या, शेवटचं झाकण बराच वेळ गोल फिरत राहिलं. आणि स्क्रीनवर? स्क्रीनवर भिंत अजूनही चार हात लांब! मी बघतच राहिलो. आणि मी बघत असतानाच, तुम्हाला सांगतो, त्या चित्रात खालून एक टक्कल वर आलं. मग कपाळ. मग चष्मा. साडू! कधी आले कोण जाणे, भिंगाला नाक लावून, रुमालानं पुसतायत, हलक्या हातानं, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं.

म्हटलं, साडू ट्रेलर आणि भिंतीच्या मध्ये सापडले! कितीही झालं तरी मेव्हणीचं कुंकू आहे. धावत मागे गेलो. मागे भिंत, ट्रेलरला हाताच्या पंजाएवढा पोचा आणि माझा कॅमेरा, बिचारा जागच्या जागी, कोणाशीच गाठ न बांधलेला. साडू नाहीत. शेजारच्या ट्रेलरमागे डोकावलो. तिथे भिंत, पाइप, निळी बादली आणि शिडीवर रुमाल घेतलेले साडू.

"साडू," मी म्हटलं, "हे काय?"

"कुठे काय? हे होय... हे... हवा खेळायला बसवलंय."

"याला भिंग आहे."

"हो का? दुकानदार काही बोलला नाही..."

मग मला आदल्या रविवारी बघितलेलं आठवलं. साडू तासभर ट्रेलरच्या मागच्या बाजूला पाठ टेकून उभे होते, चहाला बोलावलं तरी हलले नाहीत. मी लिहिलं होतं, "साडूंना पाठदुखी दिसते. औषध सुचवावे." ही माझी माया. आणि त्या पाठीमागे काय, तर माझाच कॅमेरा, त्याच जातीचा, चोवीस तास चालू. चोवीस तास का, तर बंद कसा करायचा ते यांना ठाऊक नाही. मी विचारलं, "बसवता आला आणि बंद करता येत नाही?" तर म्हणतात, "ते पान आलं नाही."

पान? कुठलं पान?

मी वळून हिच्याकडे बघितलं. ही पाइपाकडे बघत होती.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. माझी वही! मी आंघोळीला गेलो की ही तिचे फोटो काढायची आणि बहिणीला पाठवायची. निकालाच्या पानापासून मागे मागे अकरा पानं पाठवली, मग म्हणे फोनमध्ये जागा उरली नाही. मी म्हटलं, "अगं, निदान विचारायचं तरी!" तर म्हणते, "काय विचारायचं? नऊ वेळा दुकानात रुमाल हलवला तो कोणी? अर्धा अभ्यास माझा आहे. माझ्या अर्ध्यातली अकरा पानं दिली."

"आणि मी भिंतीवर जात होतो, ते दिसत होतं ना तुला? ओरडली का नाहीस?"

"तोंडातून शब्द काढायचा नाही, असं कोणी सांगितलं होतं? वहीत आहे," ती म्हणाली, "तारखेनिशी."

माझंच वाक्य, मलाच! साडू शिडीवरून हळूच म्हणाले, "मी म्हटलं होतं, मान वळवायची..." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा भिंग पुसायला लागले.

मग ही आमच्या ट्रेलरमागे गेली, पोच्यावर हात ठेवला. मला ते सहीचं पान आठवलं. तिलाही आठवलं असणार, ती काही विसरत नाही. मी मनातल्या मनात पलंग, शेगडी, बेसिन सगळ्यांचा निरोप घ्यायला लागलो, त्या उघडणाऱ्या कपाटाचासुद्धा. म्हटलं, "मग... विकायचा म्हणतेस?"

ती म्हणाली, "किल्ली द्या."

गाडीत बसली. मी मिटवलेले आरसे उघडले. ट्रेलर पुढे काढला आणि मागे घेतला. एकदा. एकदाच. न थांबता, न सावरता, चिठ्ठी पाकिटात सरकावी तसा सरळ आत. साडूंच्या हातातला रुमाल बादलीत पडला. मी विचारलं, "हे कधी शिकलीस?" तर काच खाली करून म्हणते, "अकरा वर्षं मागे उभी राहून मी दुसरं काय बघत होते? तुम्ही कुठे चुकता तेच ना?"

तर ट्रेलर आहे. विकला नाही. जोडणी नव्यानं केली, या वेळी साडूंचा कॅमेरा आधी मी बंद करून दिला, शेवटून बाराव्या पानावर आहे ते. येत्या सुट्टीत निघतोय. ही चालवणार. आणि मी? मी मागे उभा राहणार, "येऊ द्या" म्हणायला. म्हटलं, अगं, कॅमेरा आहे ना? तर म्हणते, असू दे, दोन असलेले बरे. काल सराव झाला. मी मागून अगदी वेळेवर बास म्हटलं, ती म्हणते उशिरा म्हटलं. संध्याकाळी वही उघडली, तर सात महिन्यांच्या त्या अभ्यासाखाली निकाल लिहून तयार: "कॅमेरा चांगला आहे. नवरा अर्धा सेकंद उशिरा बोलतो." वहीत आहे. तारखेनिशी. अक्षर तेवढं माझं नाही.