पोत्याचा तळ

म्या सांगती तेच लिवा बरं का, मला वाचता येत न्हाय, म्हनून आदीच सांगून ठिवती. माझं म्हायेर जेऊरकडं. तितं रान आपलं, जोंधळा आपला, जातं आपलं, मधी फसवायला कोनच न्हाय. लगीन झालं आन हितं सोलापुरात आले, मालक कापडाच्या गिरनीत, आन ज्वारी दुकानातनं आनायची. आता दुकानातली ज्वारी म्हंजी काय सांगू तुमाला, कुनाच्या रानातली, किती वर्सं जमिनीखालच्या पेवात पुरलेली, देवाला ठावं. हसू नगा, तुमी बी तीच खाताय की.

तर हितं आल्यापास्नं माझी भाकरी तुटाया लागली. थापून उचलली की मधनं दुभंगायची. सासू म्हनायची, हिच्या हाताला गुन न्हाय, दिवाळीला म्हायेरी धाडती, माघारी आनायची न्हाय. लई भ्या वाटायचं. म्हायेरी ज्या हातचं सगळ्यांनी खाल्लं त्यो हात हितंच कसा बिघडला? उनउनीत पान्यात मळलं तरी पिठाला विरी, चिकटपना म्हनून न्हाय. मग माझा संशेव वान्यावर गेला. पोत्याच्या तोंडाला कसा पांढरा, टपोरा शाळू दिसायचा त्याच्याकडं.

एक दिस गेले आन कोपरापातूर हात घातला पोत्यात. वानी म्हनला, ए बाई, हात काढ. म्या तळातलं दानं काडलं, वास घेतला, चावलं. कुबट, कडू, दाताखाली नुसता भुगा. वर नवा शाळू आन खाली पेवातली जुनी. म्हनलं, ह्यातलीच शेरभर दे. चार बाया हुब्या हुत्या, त्यो न्हाय म्हनंना.

घरी येऊन जात्यावर दळली आन सासूम्होरं परात सरकवली. म्हनलं, आत्याबाई, एक भाकरी तुमी थापा.

तिची भाकरी आख्ख्या चाळीत नावाजलेली. थापली, उचलली, आन तिच्या हातात दोन तुकडं. म्या तिला पोत्याच्या तळाचं सांगितलं. तिनं पदर खोचला आन दुकानात गेली, तितं काय बोलली ते पेठंतल्या समद्यांनी ऐकलं.

दिवाळीला म्हायेरी गेले ती चार दिसांसाठी, आन घ्याया सोता सासू आली.

आता तिचं दात पडलं. तरी बाजाराला संगं येती, वान्याच्या तागडीवर नजर ठिवती, दुसऱ्या कुनाला ज्वारी आनू देत न्हाय, पोटच्या लेकाला बी न्हाय. म्या तळात हात घालती, आन ती म्हनती, तू चाव ग, तू म्हनशील तीच घिऊ.