नाव काय लिहू?

मेश्रामजी, पूजा, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार नोंदवतो. शंकर नगरच्या या हॉलमध्ये मला जी खुर्ची मिळाली, तिचा एक पाय आखूड आहे. गेला अर्धा तास मी डावीकडे कलून दुःख करून राहिलो आहे. समोर पांढरे अभ्रे घातलेले तीन सोफे आहेत आणि तिन्ही रिकामे आहेत. नवा रायपूरहून कोणी साहेब निघालेत म्हणे. एवढा रुंद रस्ता, पुढे ना गाडी ना माणूस, तरी साहेब पोचत नाहीत. त्यांच्यासाठी आपण शोकसभा थांबवली होती. आणि सभा कोणाची? ज्यांनी संध्याकाळचं बातमीपत्र कधी कोणासाठी एक मिनिट थांबवलं नाही, त्या शालिनीताईंची.

मी हे बोलतो आहे, कारण बाकीचं बोलणं मला जड जाणार आहे. थोडं सांभाळून घ्या.

शालिनीताई मेश्राम इथल्या सरकारी टीव्हीच्या केंद्रात बातम्यांच्या संपादक होत्या. नागपूरहून बदलीवर आल्या तेव्हा राज्य नवं, रायपूर राजधानी म्हणून नवी. कार्यालयांत टेबलं यायची होती, पण फोन आधी लागले होते. आणि फोन लागला की पहिला फोन टीव्ही केंद्रालाच. आमच्या साहेबांचं उद्घाटन पहिल्या नंबरला घ्या. अमुक बातमी आज राहू द्या. तमक्याचा चेहरा दाखवू नका.

ताईंनी कोणाशी भांडण केलं नाही. त्यांनी बाजारातून लाल पुठ्ठ्याचं एक लांब रजिस्टर आणलं. पट्टीनं रेघा मारल्या. वेळ, नाव, पद, काय म्हणाले, आणि शेवटी बातमीचं काय झालं. फोन आला की त्या अगदी नरम आवाजात म्हणत, "हव भैया, सांगा. लिहून घेऊन राहिली. नाव काय लिहू?"

मंडळी, या तीन शब्दांनी किती फोन कापले गेले असतील, विचार करा. नाव काय लिहू? पलीकडून आधी खोकला. मग, "अरे दीदी, आप तो सीरियस हो गईं।" मग टूं टूं टूं.

सगळेच कापत नसत, हेही सांगतो. एका अधिकाऱ्यानं नाव सांगितलं, पद सांगितलं, आणि बातमीतली चूक दाखवली. चूक खरंच होती. ताईंनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती वाचायला लावली आणि रजिस्टरात लिहिलं, "साहेब बरोबर, आपण चूक." नाव सांगून बोलणाऱ्याचं त्या नेहमी ऐकत.

आणि ताई दर वेळी जिंकत होत्या असंही नाही. काही ओळींपुढे लिहिलेलं आहे, "बातमी गेली नाही. वरिष्ठांनी काढली." तेही त्याच अक्षरात, तेवढंच सरळ. एकदा बदलीही झाली. दोन वर्षांनी परत आल्या आणि पुढच्या ओळीपासून लिहायला लागल्या.

मी तेव्हा काय करत होतो? मी पेपरात विनोद लिहीत होतो. आजही तेच करतो, वय तेवढं वाढलं. मी त्या बातमीपत्रावर एक झकास लेख लिहिला होता. सकाळी फीत, दुपारी कात्री, संध्याकाळी दोन्हीची बातमी, असा. सरकारी पोपट म्हणालो. लोक खूप हसले. ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊ, मस्त लिहिलं. मी दोनदा वाचलं. एक सांगा, तुमच्या मालकाले फोन येत नाही काय?"

मी म्हणालो, "येत असतील."

"मग ते कुठं लिहून ठेवता?"

मी विषय बदलला. हसवणाऱ्या माणसाला विषय चांगला बदलता येतो.

आता जे सांगायचं आहे, ते मी माझ्या बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

माझा मेव्हणा, बायकोचा भाऊ, ठेकेदार. त्यानं एका पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, नाली अर्धी बांधून सोडली होती. पावसाळ्यात तिथे एक म्हातारी पडली, पाय मोडला. ताईंची टीम कॅमेरा घेऊन गेली. बातमी त्याच संध्याकाळी होती, आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या पोरीचा साखरपुडा. घरात रडारड. मी म्हणालो, थांबा, माझी ओळख आहे.

होय मंडळी. सरकारी पोपटावर लिहिणारा मी, मीच फोन केला.

"ताई, ती नालीची बातमी आज राहू द्या ना. परवा घ्या. घरचं कार्य आहे."

पलीकडे पान उलटलेलं ऐकू आलं. मग तोच नरम आवाज. "हव. लिहून घेते. नाव काय लिहू?"

"ताई, मी बोलून राहिलो. तुम्ही मले ओळखता."

"मी ओळखते भाऊ. रजिस्टर नाही ओळखत."

मी फोन ठेवला. बातमी त्याच संध्याकाळी गेली. आठवड्यात नाली पूर्ण झाली. साखरपुडाही झाला, पोरगी सुखात आहे. ताई त्यानंतर कितीदा भेटल्या, चहा पाजला, माझ्या लेखांवर हसल्या. त्या फोनबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरल्या.

काल ताईंच्या यजमानांकडे, मेश्रामजींच्या घरी गेलो, तर ते रजिस्टर फोटोजवळ ठेवलेलं. मी ते पान शोधलं. वेळ लिहिली आहे. काय म्हणाले, ते लिहिलं आहे, "घरचं कार्य आहे, परवा घ्या." पुढे, "बातमी गेली." नावाची आणि पदाची जागा रिकामी आहे. ताईंना नाव माहीत होतं. पण सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्यासाठीही तो मोडला नाही, माझ्याविरुद्धही मोडला नाही.

पूजा आता ताईंच्या जागेवर बसते. घर मराठी, पण उत्तर हिंदीत. मी तिला विचारलं, पोरी, आता कोण रजिस्टर लिहितं?

ती म्हणाली, "सर, दूसरा भर गया, तीसरा चालू है। अब ज़्यादा मैसेज आते हैं। वो भी लिख लेती हूँ। उसमें तो नाम ऊपर ही लिखा रहता है।"

परवा एक नवा अधिकारी पूजाला फोनवर आधीच म्हणाला, मैडम, रजिस्टर में मत चढ़ाना, बस पूछ रहा था. मंडळी, त्याला रुजू होऊन अजून महिना झाला नाही, तरी रजिस्टर माहीत आहे. सरकारी टीव्ही सरकारच्या हातातून सुटायला कायदे लागतील, माणसं लागतील, वेळ लागेल. पण एका बाईनं पट्टीनं मारलेल्या रेघांना एवढं मोठं खातं बिचकतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून आज मी दुःखी आहे, निराश नाही.

मेश्रामजींनी ताईंचं ते रजिस्टर आज इथे आणलं आहे. पूजा, ते जरा इकडे दे. पेनही दे.

मंडळी, आपण सगळे उभे राहू या. मी हे लिहून होईपर्यंत शांत राहू या. माझं लिहिणं हळू आहे, आणि त्या रिकाम्या जागेत नाव पूर्ण लिहायचं आहे, वडिलांच्या नावासकट.

पदाच्या रकान्यात काय लिहू, ताई? लग्नकार्यात मान "मुलीचा मामा" या पदाला, पण ते लिहिलं तर खोटं होईल. "मुलीच्या आत्याचा नवरा" लिहितो.

झालं. जयभीम, ताई.