सोमवारी बोथट होणारी सुरी

नाही, पण मी म्हणतो, टोमॅटो कापायचा असतो की त्याचा जीव घ्यायचा असतो? आमच्या घरात एक सुरी होती, म्हणजे सुरी म्हणायची आपली, पातं पुढून वाकलेलं, मूठ दोनदा चिकटवलेली, ती टोमॅटोवर ठेवली की टोमॅटो आधी दबायचा, मग फुटायचा आणि रस थेट माझ्या चष्म्यावर! आणि आमची ही तीस वर्षं त्याच सुरीनं कापत होती, सुखानं! आता तुम्हाला सांगतो, मी कोण? कारखान्यात टूलरूमला चौतीस वर्षं हत्यारांना धार लावलेला माणूस. माझ्या हातचं हत्यार घेऊन लोक लोखंड सोलायचे... आणि माझ्याच घरात टोमॅटो फुटतो? रिटायर झालो आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, सुरीला धार पाहिजे, एवढंच माझं म्हणणं!

ही म्हणाली, "अहो, चाललंय की तिच्यावर." चाललंय की! या दोन शब्दांपायी किती घरं बोथट राहिली असतील, देव जाणे. मी जुनी सुरी सरळ भंगारात दिली आणि भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं आधी लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्याच पुढे केल्या. "काका, फॅमिली सेट!" अरे बाबा, घरात माणसं दोन, बाकीच्या चार काय पाहुण्यांना वाटू? मग म्हणतो, "ही घ्या, हिला आयुष्यात धार लावावी लागत नाही." अहो, ज्या पात्याला धार लावावी लागत नाही त्याला धार लावताच येत नाही, एवढं न कळायला मी काय काल जन्मलो? मी एकेक सुरी हातात घेतली. डोळ्यापुढे धरून पातं सरळ आहे का बघितलं, मुठीत शेवटपर्यंत गेलंय का बघितलं, कारण अर्ध्यावर थांबलेलं पातं एक दिवस मुठीतून सुटतंच, मग बोटावर तोलून बघितलं... अकरावी सुरी उचलली तेव्हा तो म्हणाला, "काका, सुरी घेताय की जावई शोधताय?" म्हटलं, जावयाचं कसंही निभतं हो. सुरीला धार पाहिजे, एवढंच माझं म्हणणं!

रविवारी सकाळी नवी सुरी घेऊन न्हाणीघरात स्टूल टाकून बसलो. धारेचा दगड पाण्यात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. पात्याच्या पाठीखाली दोन नाणी ठेवून कोन ठरवला, खरबरीत बाजूवर घासली, पलीकडच्या कडेला पोलादाचं बारीक कुसळ उभं राहिलं, मग उलटी केली, मग बारीक बाजू... दीड तास! कागद हवेत धरला, सुरी नुसती टेकवली आणि कागदाचे दोन! टोमॅटोची चकती अशी पडली की तिच्यातून पेपर वाचून घ्या.

तेवढ्यात ही आली, सवयीनं कांदा हातात धरला आणि सुरी अंगठ्याकडे ओढली... कळलं ना? तीस वर्षं ती हातातल्या हातात कापतेय. जुनी सुरी अंगठ्यापाशी आली की थांबायची. नवी कशाला थांबते? अंगठ्याला ही एवढी पट्टी! मी म्हटलं, "अगं, फळीवर काप." तर म्हणते, "फळीवर कापायला मी काय हॉटेल काढलंय? जुनी सुरी माझा अंगठा ओळखायची." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण म्हणून काय बोथट सुरी आणायची?

आणि इथून खरी भानगड सुरू झाली. सोमवारी संध्याकाळी टोमॅटो घेतला, सुरी ठेवली... फुटला! पुढच्या रविवारी पुन्हा दीड तास बसलो, सोमवारी पुन्हा बोथट. असे चार रविवार! कोन बदलला, दगड बदलला, आणखी बारीक आणला, काही उपयोग नाही. मला वाटलं, आपला हात गेला. चौतीस वर्षं ज्या हातावर मान ताठ ठेवली तो हात रिटायर होऊन दीड महिन्यात संपला? आणि हे सांगायचं कुणाला? शेवटी सुरी कागदात गुंडाळली आणि दुकानदाराशी भांडायला गेलो. त्यानं भिंग लावून बघितलं. "काका, पोलाद चोख आहे. ही धार वापरून गेलेली नाही. कुणीतरी मुद्दाम मारलीय." मुद्दाम? घरात माणसं दोन, त्यातला एक मी!

सोमवारी सकाळी "जाऊन येतो गं" म्हणालो आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. ही आली, सुरी काढली, ओट्याच्या दगडी कडेवर पातं उभं धरलं आणि कर्र! कर्र! कर्र! मग तिनं पातं अंगठ्यावरून फिरवून बघितलं. मी जशी धार तपासतो ना, अगदी तशीच ती बोथटपणा तपासत होती! आणि समाधान झालं नाही म्हणून चौथ्यांदा... कर्र!

"अगं, काय करतेस काय?"

दचकली वगैरे काही नाही. "दर सोमवारी करते," म्हणाली.

"मग सांगायचं नाही? मी इथे हात गेला म्हणून खचून गेलोय!"

तर खाली बघून म्हणते, "कशी सांगू? रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होतात. रविवारी दगडापाशी बसता तेव्हा शीळ घालता."

मी शीळ घालतो हे मलाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून तसंच चाललंय. रविवारी मी धार लावतो, सोमवारी ती काढते. त्या वेळेला मी बाहेर चक्कर मारून येतो, तो आवाज काही ऐकवत नाही. सुरीला धार पाहिजे, एवढंच माझं म्हणणं, आणि एक दिवस का होईना, ती असते. पण परवा ही काय म्हणाली असेल? "अहो, जरा कमी धार लावत जा ना, काढता काढता माझं मनगट दुखतं." कमी धार! चौतीस वर्षं टूलरूममध्ये घालवली, तुम्हाला सांगतो, पण कमी धार कशी लावतात हे मला कुणी शिकवलंच नाही... आता या वयात तेही शिकतोय!