बूथबीबाईंचं टेबल आणि बाराची घंटा

समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष क्लाइव्ह ऑर्मरॉडसाहेब. व्यासपीठावर खुर्ची मिळालेले मान्यवर आणि न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले मान्यवर. सत्कारमूर्ती म्युरिएल बूथबीबाई. आणि चहा-केकचा सुगावा लागून आलेल्या हॅम्बलथॉर्पच्या सुजाण बंधुभगिनींनो,

आपल्या गावाचा इतिहास थोर आहे. आमच्या वारसा मंडळाने त्याच्या इतक्या पाट्या लावल्यात, की आता भिंती दिसेनाशा झाल्या. मंडळाचा अध्यक्ष मीच, तेव्हा तक्रार करायची कुणाकडे? गावात जुन्या खानावळी तीन. लढाई हरलेला राजा त्या एका रात्री आमच्याकडेच झोपला, असं तिन्ही सांगतात. बिचारा रात्रभर उशी काखेत घेऊन हिंडत असला पाहिजे! चर्चचा मनोरा कललाय. पाद्रीबुवा म्हणतात, तो नम्रतेने झुकलाय. मी उभा जन्म लोकांचे दात काढले, मुळं सडली की काय होतं ते मला विचारा. चौकातला तो लाकडी खोडा बघा. पूर्वी मापात मारणाऱ्यांना त्यात अडकवायचे. आता पाहुणे हौसेने मान घालून फोटो काढतात, आणि मापात मारणारे… असू द्या, व्यासपीठावर आधीच दाटी आहे.

पण हे सगळं उभं राहिलं ते बाजाराच्या जिवावर. कुण्या काळी राजाने आपल्याला मंगळवारच्या बाजाराचा हक्क दिला, तो एका अटीवर. दर मंगळवारी चर्चची बाराची घंटा होते, तेव्हा चौकातल्या दगडी क्रूसाखाली एक तरी दुकान मांडलेलं हवं आणि त्याच्यापुढे एक तरी गिऱ्हाईक हवं. एक मंगळवार चुकला की हक्क संपला. प्लेग आला, अर्धं गाव जळालं, दोन महायुद्धं झाली, मंगळवार चुकला नाही. पुराच्या वर्षी बूथबीबाईंच्या वडिलांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून चीज विकलं.

मग गावाबाहेर सुपरमार्केट आलं आणि पुराला जमलं नाही ते आपल्याला जमलं. आधी कोंबडीवाले गेले, मग भाजीवाले, मग भांडीवाला. शेवटी उरलं बाईंचं एकच टेबल. आता बाईंचे गुडघे थकले. गेल्या मंगळवारी त्यांनी शेवटचं चीज विकलं.

त्या दिवशी मी भारावून म्हणालो, "बूथबीबाई, तुम्ही म्हणजे या गावाचा ठेवा आहात!"

"होय का? मग एकदा तरी अर्धा पौंड विकत घ्या की, मिस्टर गॅड! दर मंगळवारी तुकडा तोंडात टाकता, मान डोलावता आणि चालू लागता. चव बघायला येता की जेवायला?"

मंडळी, हसू नका. त्या रांगेत माझ्यामागे तुम्हीच उभे असायचा.

आता या चौकात मोटारी लावायची सोय करावी, असं नगराध्यक्षांचं फार दिवसांचं स्वप्न आहे. बाजाराचा हक्क तेवढा आड येतो. योगायोग पाहा, आजचा सत्कार ठरला तो नेमका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. मी विचारलं, "क्लाइव्ह, मंगळवारच का रे?"

"हॉल मोकळा होता. आणि हे बघ लायनेल, आज मनसोक्त बोल. बारा वाजेपर्यंत तर बोलच!"

याच माणसाने नगरसभेत मला कधी दुसरं वाक्य पुरं करू दिलेलं नाही. एवढं प्रेम एकदम उतू गेलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सारं गाव इथे वर हॉलमध्ये टाळ्या वाजवणार आणि खाली चौक ओस पडणार. अशी युक्ती हॅम्बलथॉर्पलाच सुचावी. बाजार मारायचा, तोही पुष्पगुच्छ देऊन!

मला त्या चौकाचं वेड आहे, मंडळी. त्या रिकाम्या चौकाच्या नुसत्या विचाराने गेला आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

हिलरी का आली नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिचं डोकं दुखतंय, असं मी सांगितलं. थाप होती ती. माझी बायको आत्ता खाली क्रूसाशी उभी आहे, बूथबीबाईंच्या टेबलावर घरचा संत्र्याचा मुरंबा मांडून. टेबल बाईंनीच सकाळी दिलं. अंगातला एप्रनही दिला. मुरंबा चाखून मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "विका खुशाल. पण चाखायला कुणाला देऊ नका."

नगराध्यक्षसाहेब, घड्याळ नका बघू, अजून पाच मिनिटं आहेत. दुकान मांडलंय. गिऱ्हाईक तेवढं नाही, कारण गिऱ्हाइकं सगळी इथे बसलीत, वारशावर भाषण ऐकत.

अहो, बूथबीबाई! कुठे निघालात? हार तरी घालू द्या. एवढे जिने, तुमचे गुडघे…

काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. बाई म्हणतात, "जन्मभर विकलं. आज एकदा घेऊन बघते."

आयोजकांचे, चहावाल्यांचे आणि मला मनसोक्त बोलू देणाऱ्या अध्यक्षांचे मनापासून आभार. अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. मुरंबा मात्र पोटात घालायची सक्ती नाही, नुसता विकत घ्या. आणि दारातल्या मंडळींनो, सरका जरा. गिऱ्हाइकाला वाट द्या.