भावजयीची तक्रार

नव्या गाडीचा स्क्रीन सारखा काळा पडतो म्हणून तो सर्व्हिस सेंटरच्या बाकावर तणतणत बसला होता. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

“आमचीही नवीच हो. उतारावर इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं. मागे भावजयीला कळा. मी रडायलाच लागले.”

“अगं बाई! मग?”

“तीच ओरडली, ‘ताई, कळा मला येताहेत, तुम्ही काय रडताय? हँडब्रेकचं बटण ओढून धरा!’”

“थांबली गाडी?”

“गाडी थांबली. बाळ कुठलं थांबतंय!”

“धन्य आहे! कशा आहेत आता?”

“आत आहे. ऐका.”

काचेपलीकडून आवाज आला.

“मॅनेजरसाहेब, हळू बोला, बाळ झोपलंय. गाडीत दोष नाही म्हणता ना? चला, मागे बसा. त्याच उतारावरून मी नेते.”

तो उठला आणि आत जाऊन तिच्यामागे उभा राहिला.