निळं पडलेलं पातं

इर्या: मला काय स्वप्न पडलं होतं, ओव्हनमध्ये सुरीचं पातं आहे म्हणून?

तौनो: बिडाच्या तव्यात ठेवलं होतं. खालच्या जाळीवर.

इर्या: तो तवा तिथे बारा महिने पडलेला असतो. ओव्हन तापलेला दिसला. म्हटलं, म्हातारा आज शहाणा झाला, माझ्या पिराक्क्यांसाठी आधीच तापवून ठेवला. मग बटण फिरवलं पार शेवटापर्यंत. राय-पिठाच्या, भात भरलेल्या पाऱ्या काय मंद आचेवर भाजतात?

तौनो: मी दोनशेवर ठेवला होता. गव्हाळ रंग आला की काढायचं.

इर्या: आणि आता?

तौनो: निळं पडलंय. मऊ झालं. धार धरणार नाही.

इर्या: दिसायला छान दिसतंय पण. आपल्या तळ्यासारखं.

तौनो: इर्या.

इर्या: बरं, गप्प बसते. पिराक्का खा एक, गरम आहे. अंडं कुस्करलेलं लोणी लावू वर?

तौनो: नको.

इर्या: नको? तू पिराक्क्याला नको म्हणतोयस? तौनो, पाती याआधीही बिघडलीत ना. मागच्या वर्षी एक वाकडं झालं ते तू हसत हसत टोमॅटोच्या वेलाला टेकू म्हणून रोवलंस. दुसरं कर.

तौनो: कोणत्या हाताने? कपसुद्धा धरता येत नाही या हाताने. हातोडा काय धरणार? हे शेवटचं होतं. मार्चमध्ये ठोकलेलं. झटका आला ना मला, त्याच सकाळी तेलात बुडवून कडक केलं होतं. भाजायचं राहिलं, तोवर तू अँब्युलन्स बोलावलीस.

इर्या: म्हणजे तेव्हापासून ते तसंच पडून होतं?

तौनो: खणात. नुसतं कडक केलेलं पातं काचेसारखं असतं, पडलं तर तुकडे. रोज उठून बघत होतो तडा गेला का. आज धीर केला, म्हटलं भाजून टाकू.

इर्या: आणि आजच मला पिराक्के सुचले. सांगायचं नाही का रे? एक शब्द. तोंडाला तर झटका आला नव्हता.

तौनो: सांगायचं नव्हतं.

इर्या: का? कोणासाठी होतं एवढं? शेजाऱ्याला सुरी दिलीस, पोस्टमनला दिलीस, चर्चमधल्या पाद्रीणबाईंना दिलीस, त्या तर मासासुद्धा कापत नाहीत. आता गावात उरलंय कोण?

तौनो: तो लाकडाचा डबा दे. शेल्फवरचा. उघड.

इर्या: मूठ आहे. भूर्जाची. काय गुळगुळीत केलीस रे. पण एवढी बारीक? कुणा लहान मुलीची आहे का?

तौनो: धरून बघ.

इर्या: ...बरोबर बसते माझ्या हातात.

तौनो: बसणारच. तुझ्या लाटण्यावरून माप घेतलंय. त्याला तुझ्या हाताचे खळगे पडलेत.

इर्या: नाताळच्या आधी माझं लाटणं हरवलं होतं. मी सगळं घर उलटंपालटं केलं. तू म्हणालास, मला काय ठाऊक.

तौनो: ठाऊक होतं.

इर्या: चोर आहेस तू.

तौनो: अळंबी वेचायला जातेस तेव्हा ती दुकानातली सुरी नेतेस. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. लोक बघतात. सुऱ्या करणाऱ्याची बायको.

इर्या: इतकी वर्षं बघतायत. मी कधी मागितली?

तौनो: नाही मागितलीस.

इर्या: वाट मात्र बघितली, सांगून टाकते. प्रत्येक वाढदिवसाला. मग समजले, तुझा तो वेडेपणा. धारेची वस्तू आपल्या माणसाला द्यायची नाही, नातं कापलं जातं.

तौनो: वडिलांनी आईला दिली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती मावशीकडे गेली ती गेलीच.

इर्या: तुझी आई सुरीमुळे नाही गेली, तौनो. दारूमुळे गेली. त्यांच्या.

तौनो: तेही कळतं मला. तरी हात धजायचा नाही. मग वाटलं, आता वय झालं, जाऊन जाऊन तू कुठे जाणार? म्हणून करायला घेतली. आणि त्याच सकाळी मी जमिनीवर. तेव्हा पटलं, वडिलांसारखंच होणार होतं.

इर्या: म्हणून एवढे दिवस खणात.

तौनो: हं.

इर्या: चल, ऊठ. हे निळं परत कडक करता येतं का नाही, एवढं सांग.

तौनो: येतं. लाल करायचं, तेलात सरळ बुडवायचं. हात जरा तिरका झाला की पातं वाकतं. माझा तिरका होणार.

इर्या: माझा नाही होणार. कॉफी पुरे, ठेव तो कप.

तौनो: तुला आगीची भीती वाटते. शेडच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीस.

इर्या: बोलावलंस कधी?

(पत्र्याची शेड. तापल्या पात्याचा रंग दिसावा म्हणून भर दुपारी खिडकीवर घोंगडी टांगून केलेला अंधार. भट्टीचा आवाज.)

इर्या: लाल झालं.

तौनो: अजून नाही. ते खिळ्याला टांगलेलं लोहचुंबक घे, टेकव.

इर्या: ओढतंय.

तौनो: म्हणजे थांब. ओढायचं सोडेल तेव्हा तयार. सांडशी इतकी आवळू नकोस, खांदे खाली सोड. पिराक्का उचलतेस तशी धर.

इर्या: पिराक्का असा धगधगत नाही. तू मागे उभा आहेस ना?

तौनो: आहे.

इर्या: सोडलं. चुंबक सोडलं त्याने.

तौनो: अजून थोडं. रंग सगळीकडे सारखा होऊ दे. आता काढ. टोक खाली. सरळ, थांबू नकोस.

इर्या: पेटलं, तौनो, तेल पेटलं.

तौनो: पेटू दे. धरून ठेव. विझतं आपोआप. विझलं बघ. आता पुसून गार होऊ दे, मग कानस फिरव त्यावर.

इर्या: ...घसरतेय. लागतच नाही.

तौनो: परत फिरव. कानस घसरली म्हणजे पातं कडक झालं.

इर्या: घसरतेय रे. रडतोस काय, म्हाताऱ्या?

तौनो: धूर आहे.

इर्या: हो, धूर माझ्याही डोळ्यांत गेलाय. चल, मीच ठेवते ओव्हनमध्ये. दोनशेवर. आणि आज घरात दुसरं काही भाजायचं नाही. मग मूठ बसव, आणि दे मला रीतसर. मी कुठे जात नाही.

तौनो: देणार कशी?

इर्या: आता आणखी काय?

तौनो: तुझी तूच केलीस. मी नुसता मागे उभा होतो.

इर्या: तसाच उभा राहा.