शेवटपर्यंत मळलेलं पुस्तक

गणिताचं पुस्तक कसं निवडायचं, ते मला उदगीरच्या रद्दीच्या दुकानात कळलं बघा. लातूर जिल्हा नवाच झाला होता, कचेऱ्यांत भरती निघाली होती आणि माझं गणित लई कच्चं. म्हणून शेजारच्या सुमनताईला सोबत नेलं. दुष्काळात दिवसभर खडी फोडून, मास्तराविना गणित शिकून तिनं नोकरी मिळवलेली.

मी एक कोरं करकरीत पुस्तक उचललं.

“ठेव ते. त्याला कुणी हातच लावला न्हाई.”

दुसरं तिनं न उघडताच कडेनं पाहिलं. “पहिली वीस पानं काळी, पुढं सगळी पांढरी. वाचणारा तिथंच दमला. शेवटपर्यंत मळलेलं हुडक.”

तसं एकही सापडेना. दुकानदार वैतागला, “बाई, पुस्तक घ्यायलाव का बैल?”

शेवटी घरी येऊन ताईनं ट्रंकेतलं स्वतःचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. कडा पार काळ्या, फक्त शेवटची काही पानं पांढरीशुभ्र.

मी हसलो. “ताई, इथं तू पण दमलीस की!”

“उघडून बघ.”

उघडलं. ती उत्तरांची पानं होती.